रेडिओतलं फर्मान

करंजवाडीला सरकारी रेडिओ आला तेव्हा शाळेला छप्पर नव्हतं, ओढ्याला पूल नव्हता आणि प्यायच्या बारवेत नारूचं पाणी होतं. पण रेडिओ आला. चावडीच्या ओट्यावर त्याची स्थापना झाली, समोरच्या लिंबापर्यंत तार ताणली गेली आणि माणिकराव पाटलांनी स्वतःच्या हाताने नारळ फोडला. त्या पेटीतून पहिल्यांदा जो आवाज निघाला तो तव्यावर शेंगा भाजल्यासारखा होता. पुढे पुढे त्या खरखरीतून माणसंही बोलू लागली. ती काय बोलतात ते गावात दोघांनाच कळायचं. एक पाटील आणि दुसरा रायभान धनगराचा भुजंग.

पाटलांना कळायचं कारण पाटलांचं सगळं आयुष्य कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं होतं. भुजंगाचं तसं नव्हतं. तो शिकून बसला होता, आणि शिकून नुसतंच बसला होता. परभणीला त्याचा मामा एका वकिलाकडे चपराशी होता. त्याने भाच्याला नेऊन उर्दू शाळेत घातलं. तेव्हा राज्य हैदराबादचं, कचेरी उर्दूची. मिडल पास झालेल्या पोराला कुठल्या ना कुठल्या कचेरीत कारकुनाची गादी हमखास मिळायची. रायभानला एवढंच एक पोरगं. मेंढरांमागे दुसरा माणूस नव्हता, तरी त्याने ते सोडलं. सात वर्षं बापाने एकट्याने मेंढरांची खांड राखली, उन्हात, पावसात, लांडग्यांच्या रानात, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं, की माझं पोरगं उर्दू शिकायलंय.

भुजंग मिडल पास झाला आणि चार महिन्यांत राज्यच बदललं. त्याचं त्याला दुःख नव्हतं. पोलीस ॲक्शननंतर गावाने साखर वाटली तेव्हा तोही नाचला होता. नाचून झाल्यावर अर्ज घेऊन गंगाखेडला गेला, तर तिथल्या कारकुनाने अर्ज उलटा सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "उर्दूवाले आमच्याकडं हायत तेच कुठं बसवावेत कळंना, बाबा. तू आनखी कुठं आलास?" मग आणखी एक अर्ज, आणखी एक. सहा वर्षं अशीच गेली. गाव त्याला मुन्शी म्हणायला लागलं. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पुढे एकसष्ट मेंढरं, आणि नाव काय, तर मुन्शी. अशा माणसाची जीभ तिखट होणार नाही तर काय होईल! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्याचं व्हायला लागलं. त्याच्या बोलण्यावर लोक हसायचे, आणि लोक हसले की घटकाभर त्याला बरं वाटायचं.

आता गायरानाचं सांगायला हवं, कारण सगळी रामकहाणी तिथंच आहे.

उन्हाळ्यात धनगर राजा असतो. पिकं निघालेली, रानं मोकळी. शेतकरी दारात येऊन म्हणतात, रायभानदादा, चार रोज मेंढरं आमच्या वावरात बसवा. लेंड्यांचं खत होतं, म्हणून वर जवारीही देतात. पण एकदा पेरणी झाली की तोच शेतकरी काठी घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभा राहतो. मग पावसाळ्याचे चार महिने धनगराला एकच ठिकाण, गावचं गायरान. करंजवाडीचं गायरान ऐंशी एकर. मुरमाड, पण पाऊस पडला की गुडघाभर कुसळी गवत यायचं.

मागल्या आषाढात तिथे झाडं लावायचा सोहळा झाला. मोटारीतून साहेब आले, खड्डे खणले गेले, लिंब, करंज, शिसवाची रोपं लागली, फोटो निघाला. भोवताली बोराटीच्या काट्यांचं कुंपण पडलं आणि लिंबाजी नावाचा एक राखणदार बसला. साहेब गेल्यावर त्या रोपांना कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही. दिवाळीपर्यंत त्यांच्या काड्या झाल्या. कुंपण मात्र जगलं, आणि लिंबाजीही जगला. काड्या राखायच्या त्याच्या नोकरीत खंड पडला नाही.

तेव्हा चौपन्न सालच्या त्या श्रावणात रायभानची मेंढरं सडकेच्या कडेचं, ओढ्याच्या काठचं, दोन धुऱ्यांच्या मधलं हाताएवढं गवत ओरबाडत होती, आणि कुंपणापलीकडे गुडघाभर गवत वाऱ्याने डोलत होतं. बापलेक रोज बाभळीचे डहाळे तोडून आणायचे, पण एकसष्ट तोंडांना डहाळे किती पुरणार? कोकरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. या महिन्यात गायरान मिळालं नाही तर खांड जगत नाही, हे रायभानला कळत होतं, त्याच्या बायकोला, कासाबाईला कळत होतं, आणि भुजंगालाही कळत होतं. पाटलाकडे दोनदा जाऊन झालं होतं. पाटील म्हणाले, "वरून हुकूम आल्याबिगर मला कायबी करता येत न्हाई." वर म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

पंधरा ऑगस्टला पाटील सकाळच्या झेंड्यासाठी परभणीला गेले. जाताना बन्सीधरला, म्हणजे आपल्या गड्याला, सांगून गेले, की दिल्लीहून देशाच्या मोठ्या पुढाऱ्यांचं भाषण आहे, रेडिओ लाव. बन्सीधरने कान पिळावा तसा रेडिओ पिळला. चावडीपुढे पन्नास साठ माणसं जमली. आत शेंगा भाजायला लागल्या, मग टाळ्या वाजल्या, मग तो थोर आवाज आला. गोड आवाज होता. हिंदुस्थानीत सावकाश बोलत होता, आजाऱ्याची समजूत घालावी तसा.

"काय म्हनायलेत रं मुन्शी?" दत्तरावांनी विचारलं. गावातला हा म्हातारा शेतकरी, सगळ्यांत पुढे बसला होता.

भुजंग ओट्याच्या कडेला येऊन बसला. पहिली दोन वाक्यं त्याने इमानाने सांगितली.

"म्हनायलेत, देश लय मोठ्या कामाला लागलाय. मोठाली धरनं व्हायलीत."

"कुठं?"

"लांब."

कुणीतरी फिसकन हसलं. झालं! मांजराला दूध दिसलं.

"म्हनायलेत, धीर धरा."

"किती दिस?"

"ते सांगितलं न्हाई. पन पोरासोरांनाबी आतापून शिकवून ठिवा म्हनले, म्हंजे त्यान्ला जड जानार न्हाई."

आता चावडी मोकळेपणी हसली. भुजंगाला रंग चढला. सहा वर्षांत त्याच्या उर्दूला कुणी काडीचा भाव दिला नव्हता, आणि आज सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. रेडिओतला आवाज खेड्यांतल्या माणसांच्या कष्टांबद्दल कळवळून बोलत होता. भुजंगाने सांगितलं, "म्हनायलेत, करंजवाडीच्या लोकांनी पूल मागू नये. वढ्याला पोहत जावं. पोहल्यानं तब्येत चांगली ऱ्हाती." आवाज शिक्षणाकडे वळला. भुजंगाने सांगितलं, "म्हनायलेत, समद्यांनी शिकावं. शिकलेल्या मान्सामागं मेंढरं सरळ चालतेत." दत्तरावांना हसता हसता ठसका लागला.

एवढ्यात रायभान आला. तो भल्या पहाटे डहाळे तोडायला गेला होता. आधीचं त्याने काही ऐकलं नव्हतं. घोंगडी खांद्यावर टाकून तो ओट्याच्या खाली उभा राहिला, भुजंगाच्या पायांशी, आणि हळूच विचारलं, "भुजंगा, गायरानाचं काई निघालं का रं?"

आणि नेमकं त्याच वेळी रेडिओतला आवाज झाडांबद्दल बोलू लागला. झाडं लावा, झाडं जगवा, ती पुढच्या पिढीची दौलत आहे.

भुजंगाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच सकाळी त्याने एक कोकरू ओढ्याच्या चिखलातून ओढून काढलं होतं. चार पानांसाठी ते तिथवर गेलं आणि परत यायला अंगात बळ उरलं नाही. ते त्याच्या मांडीवर मेलं होतं. दौलत म्हणे! त्याने छाती पुढे काढली, आवाज जड केला आणि दोन्ही हात उचलून सांगितलं,

"निघालं की! आत्ताच म्हनले. गायरानात झाडं लावलीत ती कुनाला? गावालाच. मेंढरं उपाशी मारून काड्या राखा, असं मी कवा म्हनलो? उद्यापून गायरान खुलं. मेंढरं घाला. कुनी आडवं आलं, तर खुशाल माझं नाव सांगा."

चावडी अशी हसली की बन्सीधरने रेडिओ मोठा केला. माणसांनी एकमेकांच्या पाठीत थापा मारल्या. रायभान हसला नाही. त्याने विचारलं, "खरंच म्हनले?"

"मंग मी काय खोटं सांगायलो? उर्दू मिडल पास हाव मी!"

पुन्हा हशा. रायभानने मान हलवली, घोंगडी सारखी केली आणि तो मेंढरांकडे निघून गेला. भुजंगाचं तिकडे लक्षही नव्हतं. तो पुढच्या वाक्याच्या तयारीत होता.

माणसाच्या जिभेला हाड नाही म्हणतात ते काही उगीच नाही. हाड असतं तर वेळेवर मोडलं तरी असतं.

दुसऱ्या दिवशी भुजंग अंधार फुटायच्या आत लोकर घेऊन पालमला गेला. तिथल्या सणगराला घोंगड्यांसाठी लोकर द्यायची होती. पावसाने वाट चिखलाची झालेली, परत यायला दुपार कलली. घरापाशी येतो तो कासाबाई उंबऱ्यात. कपाळाला भंडारा लावलेला, चुलीवर गुळाची लापशी रटरटतेय. कितीतरी महिन्यांनी मायच्या तोंडावर हसू दिसलं.

"आलास? हात धू. तुझा बा सकाळीच खांड घेऊन गायरानात गेला. म्होरक्या मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला, देवाला हात जोडले, आन गेला. म्हनला, पोरगं आलं की लापशी घेऊन त्याला पाठव. पोटभर चारतो म्हनला आज."

भुजंग ओरडला, "माय, आगं मी चेष्टा केली!"

"कशाची?"

तो तसाच पळाला. चिखलात दोनदा पडला. गायरानाच्या तोंडाशी बोराटीचे काटे एका बाजूला नीट रचून ठेवलेले दिसले. त्याच्या बापाने कुंपण मोडलं नव्हतं, उघडलं होतं, पाहुण्याच्या घराचं दार उघडावं तसं. आत तुडवलेलं गवत होतं, लेंड्या होत्या. मेंढरू एक नव्हतं.

ती कोंडवाड्यात होती. करंजवाडीचा कोंडवाडा म्हणजे चार भिंती, वर आभाळ. दहाबारा चुकार गुरं मावतील एवढी जागा. त्यात साठ मेंढरं भरलेली. पाय हलवायला वाव नाही, खाली पोटरीएवढा चिखल, वरून पाऊस. बाहेर भिंतीला टेकून रायभान बसला होता, डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन. ओठ फुटला होता. लिंबाजी आणि त्याच्या दोन माणसांनी धक्काबुक्की केली असणार. पण चेहरा शांत होता.

"आलास? बैस," तो म्हणाला. "मी तीनदा नाव सांगितलं. पैल्यांदा लिंबाजीला, मंग त्याच्या मान्साला, मंग पाटलाला. पाटील म्हनले, साहेब दौऱ्यावर हायत, ते आल्यावर कागुद निघंल. निघूं दे. चार तास पोटभर चरली बग मेंढरं. कोकरं उड्या मारायली होती."

भुजंग त्याच्यासमोर चिखलात बसला. "बा, ऐक. तेनी तसं म्हनलं न्हाई. गायरानाचं नाव बी काढलं न्हाई. मी माझ्या मनानं बोललो. लोकांना हसवायला."

रायभानने डोक्यावरची खोळ मागे सारली. मग म्हणाला, "भेऊ नको."

"भ्यायची गोष्ट न्हाई, बा. खरंच सांगायलो."

"तुला ठावं न्हाई," रायभान म्हणाला. "मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा असंल तवाची गोष्ट. मोठा दुष्काळ पडला हुता. जहागीरदाराचं राखीव रान हुतं पल्याड. एक दिस चावडीवर फर्मान वाचलं, उर्दूत. आपल्यातल्या कुनाला कळंना. गावात एक बुढ्ढा फकीर हुता, त्यानं सांगितलं, राखीव रान दुष्काळापुरतं खुलं केलंय. समदे हसले. जहागीरदार आन रान खुलं करंल? फकिराची टर उडविली. मी सगळ्यात जास्त हसलो. माझा थोरला भाऊ किशन तेवढा हसला न्हाई. त्यानं मेंढरं घातली. त्याची खांड जगली. माझी समदी मेली, भुजंगा. फर्मान खरं हुतं. मी हसत बसलो."

पाऊस पडत होता. आतून एक मेंढरू ओरडत होतं, एकसारखं.

"काल चावडी हसाया लागली, तवाच मी वळखलं," रायभान म्हणाला. "लोक हसतेत तवा हुकूम खरा असतो."

ही गोष्ट भुजंगाने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. काल ओट्यावर बसून हात वर करताना ती त्याच्या डोक्याच्या आसपासही नव्हती. आता तो रडायला लागला. वीसबावीस वर्षांचा घोडा, बापाच्या पायावर डोकं ठेवून, हमसून हमसून. रायभानने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला वाटलं पोरगं बापाला मारल्याचं पाहून रडतंय.

साहेब पाच दिवसांनी आले. ते पाच दिवस भुजंग माणसात नव्हता. पहाटेपासून डहाळे तोडायचे, सडकेच्या कडेचं गवत कापायचं, डोक्यावर भारा घेऊन कोंडवाड्याशी यायचं आणि भिंतीवरून आत टाकायचं. भारा चिखलात पडायचा. पहिली चारपाच मेंढरं तोंड घालायची, मागच्यांपर्यंत काही पोचायचं नाही. पाऊस थांबला नाही. दुसऱ्या दिवशी कोकरं चेंगरून मेली. तिसऱ्या दिवशी मोठ्यांना धाप लागली, नाकातून फेस यायला लागला. म्होरक्या चौथ्या दिवशी गेला, कपाळाचा भंडारा वाहून गेलेला. मेलेली मेंढरंही बाहेर काढू देईनात. लिंबाजी म्हणायचा, साहेबांनी मोजल्याबिगर न्हाई. जिवंत मेंढरं मेलेल्यांवर उभी होती. भुजंगाने लिंबाजीचे पाय धरले. त्याच्या बायकोचे धरले. पाटलाच्या घरी जाऊन सगळं खरं सांगितलं, की चूक माझी आहे, मी खोटं सांगितलं, मला धरा आणि मेंढरं सोडा. पाटील म्हणाले, "तू शिकलेला हायस. असं कुठं बोलू नको. दिल्लीच्या पुढाऱ्याच्या नावावर खोटं सांगितलं म्हनशील, तर तुला खडी फोडायला धाडतील."

चावडीवर हसलेल्यांपैकी एकही कोंडवाड्याकडे फिरकला नाही. फक्त दत्तराव आले. एक कडब्याची पेंढी घेऊन आले, भिंतीवरून आत टाकली आणि परत गेले.

साहेब मोटारीतून उतरले तेव्हा पाऊस उघडला होता. तरुण होते, चेहरा चांगला होता. कोंडवाड्यात डोकावून त्यांनी नाकाला रुमाल लावला. लिंबाजीने कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की मेंढरांनी शासकीय लागवडीतली दोनशे दहा रोपं खाल्ली. दिवाळीपासून मेलेल्या त्या काड्यांना शेवटी मारेकरी सापडला होता. आता वरपर्यंत सगळ्यांचाच हिशोब नीट लागत होता.

"कुंपण कशाला मोडलंत?" साहेबांनी रायभानला विचारलं.

रायभान ताठ उभा राहिला. हात जोडून, पण ताठ. "मोडलं न्हाई साहेब, उघडलं. वरून हुकूम आल्ता. रेडिओत." आणि त्याने ते नाव घेतलं, चौथ्यांदा.

साहेबांना हसू आलं. ते वाईट हसले नाहीत, पोराच्या बोबड्या बोलावर हसावं तसे हसले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या पोरानं." रायभानने बोट दाखवलं. त्या फुटक्या ओठांवर अभिमान होता. "उर्दू मिडल पास हाय."

सगळे भुजंगाकडे वळले. साहेब, पाटील, लिंबाजी, भिंतीमागून मान वर काढलेलं एक मेंढरू. साहेब म्हणाले, "काय रे, म्हणाले होते का असं?"

खोटं कबूल करावं, तर खडी फोडायला जाणं आलं. त्याची त्याला आता भीती नव्हती. उलट तेच बरं वाटलं असतं. हो म्हटलं, तर साहेब दोघांनाही वेडं ठरवून निघून जातील, मेंढरं आणखी पाच दिवस तशीच. नाही म्हणावं, तर बाप सगळ्यांदेखत खोटा पडतो. भुजंग खाली बघत म्हणाला, "न्हाई साहेब. मी खोटं सांगितलं. माझा बा निर्दोष हाय."

रायभान लगबगीने एक पाऊल पुढे आला. "साहेब, त्याच्यावर राग धरू नका. पोरगं भेलंय. त्यानं सोता ऐकलं, समद्या गावापुढं सांगितलं. आता तुमची मोटार बगून जीभ फिरली. लेकरू हाय."

साहेबांनी मान हलवली. त्यांना दया आली असावी. त्यांनी दंड माफ केला, मेंढरं सोडायला सांगितलं आणि मोटारीत बसताना भुजंगाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिकलेला दिसतोस. बापाला जरा चार गोष्टी समजावून सांगत जा."

साठ आत गेली होती. बावीस आपल्या पायांनी बाहेर आली. त्यातली आठ घरापर्यंत पोचता पोचता गेली.

भुजंगाने त्यानंतर चेष्टा करायची सोडली. कुणी मुन्शी म्हटलं तरी उलटून बोलायचा नाही. चावडीच्या वाटेने जायचा नाही, लांबून वळसा घालायचा. त्याने मायलाही एकदा बसवून सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. कासाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या बाला नको सांगू आता हे. त्याला तेवढंच एक ऱ्हायलंय, की त्यानं बराबर केलं."

पोळा झाल्यावर एके दिवशी सकाळी रायभानने शाळेतून मागून आणलेला रेघांचा कागद भुजंगापुढे ठेवला. वर टाक ठेवला, दौत ठेवली.

"लिही," तो म्हणाला. "त्यांना. उर्दूत लिही, त्यांना ती भाषा येती."

"बा, कशाला..."

"लिही, म्हनलो ना."

भुजंगाने टाक बुडवला. रायभान अंगणात उकिडवा बसून, जमिनीकडे बघत, थांबत थांबत सांगू लागला.

"सलाम लिही. मी रायभान, करंजवाडीचा. आपन म्हनलात, गायरान खुलं. हितल्या लोकांनी आपलं ऐकलं न्हाई. राखनदारानं ऐकलं न्हाई, पाटलानं न्हाई, साहेबानं बी न्हाई. आपलं नाव सांगितलं तर हसले. माझ्या पोरानं आपला हुकूम कानानं ऐकला, आन साहेबापुढं नाकबूल झाला. त्यो भेला. त्याला माफी असावी. लिहिलंस?"

"लिहिलं."

"आमी आपला हुकूम मानला. शेचाळीस मेंढरं गेली. कोकरू एक त्याच्या आदीच गेलं हुतं, ते धरू नका. आमच्याकून कसूर न्हाई. बस."

भुजंगाचं उर्दू अक्षर शाळेत नावाजलेलं होतं. सहा वर्षांत त्याने कचेऱ्यांना इतके अर्ज केले, पण असं सुबक अक्षर एकाही अर्जात उतरलं नव्हतं. त्याने पत्र वाचून दाखवलं आणि वाचता वाचता एकेक ओळ मराठीत सांगितली. रायभान डोळे मिटून ऐकत होता. पूर्ण झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदाच पोराकडे जरा संशयाने पाहिलं.

"तुझ्या पदरचं काई घातलं न्हाईस न्हवं?"

"न्हाई, बा."

"बग हं."

"न्हाई घातलं."

रायभानने शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवला, अंगठा धोतराला पुसला आणि कागद वाळेपर्यंत वर धरून ठेवला. मग म्हणाला, "एवढा मोठा मानूस, त्याला कागदावर उत्तर द्यायला फुरसत कुठली! दील त्यो पेटीतूनच. आता तू जरा चावडीवर बसत जा. आपल्याबद्दल काय म्हनले, ते मला येऊन सांग."

भुजंग "हौ" म्हणाला.